यंदा काही पेरलेलं नाही

जमीन मोजण्याच्या नोकरीत चौतीस वर्षं काढल्यावर मी एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. आजवर एकाही माणसाची जमीन मोजणीत जास्त भरलेली नाही. प्रत्येकाची कमीच भरते, आणि ती हटकून शेजाऱ्याच्या कुंपणात सापडते. मी डोंबिवली पूर्वेला राहतो. सोसायटीत मला अजून ‘मोजणीवाले काका’ म्हणतात आणि पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वाद झाला की टेप घेऊन खाली बोलावतात. बायकोचं म्हणणं असं, की ज्या माणसाने अर्धा ठाणे जिल्हा मोजला, त्याला घरातल्या पडद्यांचं माप एकदाही बरोबर घेता आलेलं नाही. खरं आहे ते. आमच्या तीन खिडक्यांचे पडदे वीतभर आखूड आहेत.

बाहेरच्यांना वाटतं की मोजणीदाराचं काम म्हणजे साखळी ओढणं नि आकडे लिहिणं. साखळी आम्ही ओढली, पुढे यंत्रं आली तीही खांद्यावर वाहिली. पण यंत्र फक्त अंतर सांगतं. जमीन कुणाची आणि कुठपर्यंत, हे जुना नकाशा सांगतो, कोपऱ्यावर पुरलेला दगड सांगतो, आणि हे दोन्ही गप्प असतील तर माणसांना बोलतं करावं लागतं. अर्धं काम पायांचं आणि अर्धं तोंडाचं. पायांचं काम मला चांगलं जमायचं.

कोलशेतला दोन भावांची मोजणी होती. वाद हातभर रुंदीच्या पट्टीचा. एकेकाळी त्या पट्टीत शेवगाही धड येत नव्हता, पण आजूबाजूला टॉवर उभे राहिले आणि पट्टीला भाव आला. आम्ही सकाळी पोचलो तर थोरले भाऊ अंगणाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मोजणी सुरू झाली, संपत आली, तरी ते उठेनात. म्हणाले, “गुडघे धरलेत हो साहेब. तुम्ही चालू द्या.” माझ्याबरोबर साखळी धरायला बाळू असायचा. त्याच बाजूच्या खाडीकाठच्या गावातला, आगरी, वयाने माझ्याहून मोठा आणि अकलेनेही. त्याने घरातून चहाचा कप आणवला, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ओट्यावर ठेवला आणि हाक मारली, “दादा, च्या थंड व्हतंय.” दादा सवयीने उठले. खुर्चीखाली हद्दीचा दगड होता, आणि भोवतीची माती आदल्या दिवशीचीच उकरलेली. धाकटा भाऊ हसायला लागला, मग थोरलाही हसला, आणि आठवड्याने दोघांनी एकमेकांवर कोर्टात दावे लावले.

हे सांगण्याचं कारण असं, की मला सवय अशा गिऱ्हाइकांची होती. हातभर जमिनीसाठी हद्दीच्या दगडावर बसून राहणारी माणसं मी रोज पाहायचो. आपली बरीचशी जमीन मोजणीतून सुटतेय आणि माणूस शेजारी उभं राहून नुसतं पाहतंय, असं कधी घडेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

तेव्हा वनहक्काच्या दाव्यांचं काम जोरात होतं. जंगलातली जमीन जे आदिवासी पिढ्यानपिढ्या कसत आलेत, ती त्यांच्या नावावर करून देण्याचा कायदा. गावाने दावा करायचा, आम्ही जागेवर जाऊन मोजायचं, मग वरच्या समितीने मंजुरी द्यायची. आमच्या वाट्याला मुरबाडच्या पलीकडच्या, डोंगराला चिकटलेल्या काही वाड्या आल्या. ज्या वाडीची ही हकीगत आहे तिचं नाव सांगत नाही, कारण माणसं तिथंच आहेत. ठाकर वस्ती, वीस-बावीस घरं. काम दिवाळीच्या आत उरकायचा हुकूम होता. दिवाळी झाली की वाडीला कुलूप लागतं. म्हातारी माणसं मागे राहतात आणि बाकीचे, बरेचसे पोराबाळांसकट, कल्याण-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात.

भागीबाईचा दावा त्यातलाच एक. साठीच्या पुढची बाई, नवरा गेलेला, एक मुलगा आणि सून हिरा. खाली ओहोळाच्या काठाला भाताचं छोटं खाचर होतं. भात कापून झालं होतं, बांध स्पष्ट होते, अर्ध्या तासात मोजून झालं. वरच्या उतारावर एका तुकड्यात नाचणीची कापलेली धाटं होती, तोही मोजला. त्याच्या पुढे कमरेएवढं गवत आणि झुडपं. माझ्या तक्त्यात रकाना होता, सध्या पीक कोणतं. मी विचारलं, “बाई, इथं यंदा काय पेरलंय?”

“यंदा काय नाय, सायब.”

“आणि त्याच्या पलीकडे?”

“तितं पन काय नाय.”

मी लिहिलं, पीक नाही, झुडुपी जंगल. बाई खोटं बोलली नव्हती. साहेबाने विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि त्यापुढे एक शब्द बोलायचा नाही, ही त्या लोकांची रीत होती. जादा बोलून कधी कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

बाळू मात्र तिथंच रेंगाळला. त्याच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. म्हणाला, “सायब, ही झारं एका वयाची नाय. पालीपालीनं तोरलेली हायेत. कोनीतरी कसतंय इतं.”

मी म्हणालो, “बाळू, आपण डोळ्यांना दिसतं ते लिहायचं. अंदाजपंचे लिहायला लागलो तर उद्या सगळा डोंगर लिहावा लागेल.” माझ्या काटेकोरपणाचा मला फार अभिमान होता. सूर्य कलला होता, आणखी चार दावे बाकी होते, आणि खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. बाळूने साखळी गुंडाळली. त्या हंगामात मी आजूबाजूच्या आणखी काही वाड्याही याच शिस्तीत मोजल्या आणि वेळेत काम संपवल्याबद्दल साहेबांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. घरी जाताना मी पेढे नेले होते.

चार वर्षांनी माघ महिन्यात आंबिवलीला एक मोजणी निघाली. नदीकाठची जमीन, जागा मालकाने बिल्डरला द्यायची ठरवलेली, आणि तोवर त्यावर वीटभट्टी चालू. आम्ही खांब रोवत होतो आणि कडेने बायका डोक्यावर कच्च्या विटा घेऊन ये-जा करत होत्या. त्यातली एक थांबली. म्हणाली, “तुमी आमच्या वाडीत आल्याले ना? लाल टोपीवाले?”

उन्हात मी लाल टोपी घालायचो. मी ओळखलं नाही, बाळूने ओळखलं. भागीबाईची सून, हिरा. मागे सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला आधी आश्चर्यच वाटलं. म्हटलं, “अगं, तुम्हाला तर जमीन मिळाली. पट्ट्याचा कागद आला ना हातात? मग इथं कशाला?”

“आला ना. देवाफुडं ठेवलाय. म्हातारी रोज कुकू लावते.”

“मग?”

“तेच्यात डोंगर नाय ना सायब.”

तरीही मला समजलं नाही. तिने डोक्यावरच्या विटा उतरवल्या, पदराने तोंड पुसलं आणि लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं. खालच्या खाचरातलं भात पुरतं शिमग्यापर्यंत. पुढचे महिने डोंगरावरच्या नाचणी-वरईवर काढायचे. उतारावरची माती पातळ. एक तुकडा झाडोरा तोडून साफ करायचा, पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी तेलाची खुरासणी. मग तो सोडायचा आणि पुढचा धरायचा. सोडलेल्या तुकड्यावर गवत-झुडपं वाढतात, माती परत धरते, आणि फिरून पाळी आली की तो पुन्हा पेरायचा. “बाळंतिनीला सवा महिना देत्यात ना, तसं जमिनीला द्यायाचं,” ती म्हणाली. त्यांचे असे सात तुकडे होते. मी गेलो त्या वर्षी एकावर पीक होतं. मी एक लिहिला आणि सहा सोडले.

“आदी कोन काय बोलत नव्हता,” हिरा म्हणाली. “पट्टा झाल्यावर फारेस्टचा गार्ड आला. म्हनला, आता नकाशा हाय. नकाशात हाय तितकं करा, भाईर पाय ठेवू नका. त्याचं तरी काय चुकलं? नकाशात डोंगर नव्हताच. एकाच तुकड्यावर आमी सारखी नाचनी केली. तिसऱ्या सालाला नुसती धाटं आली.”

मी विचारलं, “आधीही भट्टीवर यायचात ना तुम्ही?”

“नवरा एकलाच यायचा. मी म्हातारीजवळ, पोर शाळंत जायची. आता समदी येतो.”

तिच्या मुलीने इतक्यात भावाला खाली बसवून दोन विटा उचलून डोक्यावर ठेवल्या होत्या आणि ती आईची वाट पाहत उभी होती. मुकादमाने हाक मारली तशा त्या गेल्या. बाळू साखळी उचलून पुढच्या खांबाकडे चालू लागला. तो मला एका शब्दाने बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवशीची मोजणी मी दोनदा चुकलो.

गरिबीवर मी पुष्कळ भाषणं ऐकलीत. सरकारी नोकराला ती ऐकावीच लागतात, बहुतेक वेळा जेवणाच्या आधी. लोक आळशी आहेत, दारू पितात, शिकत नाहीत, शेतीचं तंत्र मागासलेलं आहे, असं बरंच काही त्यात असतं. मी स्वतः चहाच्या टपरीवर हे बोललो आहे. पण भागीबाईच्या घरची वाढलेली गरिबी मला टीचभर अंतरावरून दिसली आणि तिचं कारण माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. कागद नव्हता तेव्हा त्या घराला डोंगर होता. मी कागद दिला आणि डोंगर गेला. त्या पोरीची शाळा त्याच्याबरोबर गेली. मला याची लाज वाटली, आजही वाटते.

पुढच्या रविवारी मी आणि बाळू स्वखर्चाने वाडीत गेलो. भागीबाई एकटीच होती. डोळे अधू झालेले. मी म्हटलं, “बाई, माझं चुकलं. मला ते सहा तुकडे दाखवा, आणि कधी कधी कसले ते सांगा.” कायद्यात एक तारीख ठरलेली होती, तिच्या आधीपासूनची कसवणूक दाखवावी लागे. आता ज्या बाईला स्वतःचं वय सांगता येत नाही ती तारखा काय सांगणार, अशी धास्ती मला होती.

ती काठी टेकत वर चढली. पहिल्या तुकड्यावर थांबली. “ह्यो पेरला तवा तुळशा पोटात व्हता.” तुळशा म्हणजे तिचा मुलगा. पुढच्यावर म्हणाली, “हितं खुरासनी फुलल्याली तवा ननंदंचं लगीन.” पुढे, “हितं नाचनी कापताना ठकी झाली. हितंच, त्या दगडापाशी. नाळ मीच कापली आन् संध्याकाळी घरी गेले.” ठकी म्हणजे तिची लग्न होऊन गेलेली लेक. असे सहाही तुकडे. एकही तारीख नाही आणि एकही शंका नाही. मी लिहीत गेलो. चौतीस वर्षांत माझ्या मोजणीवहीत बाळंतपणं त्या दिवशी पहिल्यांदा आली.

मग आम्ही शाळेत गेलो. मास्तर भला माणूस होता. त्याने जुनं दाखल्याचं रजिस्टर काढलं. तुळशाची जन्मतारीख, ठकीची जन्मतारीख, शेजारच्या मुलांच्या. त्यांच्याशी भागीबाईच्या पेरण्या लावून पाहिल्या. बाळूने झुडपांचे बुंधे तपासले. गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडून पुन्हा फुटलेले, एकेका तुकड्यावर एकेका वयाचे, आणि बाईने सांगितलेल्या क्रमाशी जुळणारे. माझी साखळी आजवर इतकी चोख कधी बसली नव्हती. बाळू म्हणाला, “बोललू व्हतू ना.” चार वर्षांत तो हे एकदाच म्हणाला.

त्यानंतर आणखी तीन रविवार गेलो. बातमी वाडीभर झाली होती आणि प्रत्येक घरची म्हातारी आपापली बाळंतपणं घेऊन तयार होती. सगळ्यांचे सुटलेले तुकडे मोजले आणि मी वर पत्र लिहिलं, की मूळ मोजणीत माझ्याकडून चूक झाली आहे, मी पडून असलेल्या जमिनीबद्दल पुरेशी चौकशी केली नाही.

साहेबांनी ते वाचून दार लावून घेतलं. “अरे, असं कुणी लिहितं का? यंत्रात दोष होता असं लिही. यंत्र काय कोर्टात जाणार आहे?”

मी म्हटलं, “यंत्राने बरोबर मोजलं साहेब. मी एक प्रश्न कमी विचारला.”

“रिटायरमेंटला किती वर्षं राहिलीत तुझी?”

“साडेतीन वर्षं.”

“मग गप्प बसायला काय झालं होतं?”

ते वाईट नव्हते, माझ्या भल्याचंच सांगत होते. आणि मीही शूर वगैरे नाही. मला खुलासा मागणारा मेमो आला, एक बढती हुकली. बायकोने मेमो वाचला आणि म्हणाली, “पडद्यांच्या वेळी मीही तुम्हाला असाच एक द्यायला हवा होता.” फाईल फिरत राहिली. मी दर महिन्याला तिच्या मागे जायचो, कधी सही राहिलेली, कधी नकाशाची प्रत. दोन वर्षांनी वाडीचे सुधारलेले पट्टे निघाले. सगळे तुकडे मिळाले असं नाही. भागीबाईचे सहापैकी पाच मिळाले, आणि ठकी झाली त्या दगडाचा तुकडा त्यात होता.

इथं ही गोष्ट संपवली तर मला ती फार आवडेल. पण त्या हंगामात मी मोजलेल्या दुसऱ्या वाड्या तशाच राहिल्या होत्या. मी साहेबांना एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “त्यांचा अर्ज आलाय का? अर्जाशिवाय आपण कसं जाणार?” नियमाने ते बरोबर होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकून हायसं वाटलं. मेमो एक पुरे झाला होता. अर्ज कसा करायचा हे त्या वाड्यांना सांगायला मी जाऊ शकलो असतो, कल्याणहून एसटी सुटते. मी गेलो नाही. नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन रिटायर झालो.

गेल्या माघात हिराने मास्तरांच्या फोनवरून निरोप पाठवला, म्हातारी आठवण काढते, येऊन जा. बाळूला आता चालवत नाही, मी एकटाच गेलो. माघ महिना आणि वाडीत पोरांचा आवाज, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हिरा घरी होती. तुळशा एकटा भट्टीवर गेला होता, आणि निघताना म्हणाला होता, पुढच्या साली जायचं की नाही ते बघू. मुलगी शाळेतून आली, तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि न विचारता मला तेराचा पाढा म्हणून दाखवला. भागीबाईला आता अजिबात दिसत नाही. तिने माझं डोकं चाचपलं आणि म्हणाली, “टोपी कुटंय रं तुजी?”

जेवायला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. कुठल्या तुकड्यातली नाचणी, हे हिराने सांगितलं आणि मला तो तुकडा नकाशातल्या नंबरासकट आठवला. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की हात धुवायला उठलो तेव्हा अंगणात बसलेल्या बायकांकडे माझं लक्ष उशिराच गेलं.

सहा-सात बायका होत्या. बऱ्याच म्हाताऱ्या, दोन-तीन तरण्या. कुडाच्या सावलीला ओळीने बसलेल्या, गप्प. मी हिराकडे पाहिलं.

“पलीकडल्या वाडीच्या,” ती म्हणाली. “मगाशीच आल्यात. तुमी जेवत व्हता म्हनून मीच बसा म्हनले.”

“कशाला आल्यात?”

“त्यांचा डोंगर पन तुमीच मोजल्याला ना.”

मी म्हटलं, “हिरा, मी रिटायर झालोय. आता माझ्याकडे यंत्र नाही, शिक्का नाही. मला ऑफिसात कुणी विचारत नाही.”

आतून भागीबाईचा आवाज आला.

“लिवता येतं ना अजून?”

मी म्हटलं, “येतं.”

हिराच्या मुलीने दप्तरातून वहीची मधली पानं फाडून दिली आणि पेन्सिल दिली. मी अंगणात मांडी घालून बसलो. पहिली म्हातारी पुढे सरकली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीही विचारलं तेवढंच सांगणार होती.

मी विचारलं, “आजी, तुमचा थोरला झाला त्या वर्षी डोंगरावर कुठं पेरलं होतं?”